अकरा इंचांची क्रेन

आमचे बाबा अठ्ठावीस वर्षं टॉवर क्रेन चालवत होते. उंच इमारती बांधताना जी आडव्या हाताची क्रेन उभी करतात, ती. तिच्या मानेपाशी काचेची एक केबिन असते, आमच्या न्हाणीघराच्या निम्मी. बाबा सकाळी साडेसातला त्या केबिनमध्ये जाऊन बसायचे ते दुपारच्या जेवणालाही खाली यायचे नाहीत. शिडीने उतरायला वीस मिनिटं, परत चढायला त्याहून जास्त, मग जेवायचं कधी? डबा पाठीवरच्या पिशवीतून वर जायचा आणि बाबा तो मांडीवर ठेवून, गार झालेलं जेवण जेवायचे. वर बोलायला कोणी नाही, गाणी लावायची परवानगी नाही. हातात दोन दांडे, खाली दोराला लोंबकळणारा माल, आणि चहूकडे आभाळ.

खाली जमिनीवर त्यांचा एक माणूस असायचा. माल कुठे उचलायचा, कुठे ठेवायचा, किती हळू, ते हातवारे करून सांगणारा. वॉकीटॉकी आल्या त्याच्या आधी तो गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचा, म्हणून त्याचं नाव शिट्टी पडलं आणि आम्हा मुलांसाठी शिट्टीकाका. बाबा आणि शिट्टीकाका वीस वर्षं एकत्र कामाला होते, पण कामाच्या वेळात दोघांमध्ये कायम शंभर-दीडशे फुटांचं अंतर. खालची माणसं क्रेनवाल्याला 'वरचा' म्हणायची. कोणी मुकादम घाईला आला आणि "सळया कधी उचलणार?" म्हणून ओरडला, की शिट्टीकाका दोन्ही हात आभाळाकडे करून म्हणायचे, "वरच्याची मर्जी! सध्या वरचा चहा पितोय."

मी शाळेत असताना बाबांची क्रेन दोन वर्षं आमच्या शाळेच्या मागेच उभी होती. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुता धुता म्हणायचे, "आज तुमची शाळा चार मिनिटं उशिरा सुटली." मी हो म्हणायचे. "आणि फाटकातून बाहेर पडल्यावर तू डावीकडे का वळलीस? घर उजवीकडे आहे." मैत्रिणीकडे जाऊन आल्याचं कबूल करण्यावाचून गत्यंतर नसायचं. वरून कोणीतरी सगळं बघतंय, हे इतर मुलींना मोठ्यांनी सांगावं लागायचं. मला रोजचा अनुभव होता.

बाबांना बोलायची हौस होती ती अशी दिवसभर साठलेली. कुठल्या गच्चीवर म्हातारा कबुतरांशी भांडतो, कुठल्या गल्लीत लग्नाचा मांडव पडतोय, नदीचं पाणी कुठपर्यंत आलंय, सगळं घरी येऊन सांगायचे. आई म्हणायची, "वर्तमानपत्र बंद करूया, तेवढीच रद्दी कमी."

बाबा एक्कावन्न वर्षांचे असताना एक दिवस ते दुपारीच घरी आले. शिट्टीकाका त्यांचा दंड धरून होते. "कानात काहीतरी झालंय," एवढंच सांगून बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. शरीराचा तोल सांभाळणारी जी यंत्रणा कानाच्या आत असते, तीच बिघडली होती. गोळ्यांनी चक्कर कमी झाली, पण उंचीवरचं काम कायमचं बंद. कंपनीने नोकरी ठेवली आणि बाबांना भांडारात बसवलं. हेल्मेट, हातमोजे, बूट, दोरखंड द्यायचे आणि परत घ्यायचे.

त्यानंतर आमचं वर्तमानपत्र खरोखरच बंद पडलं. "आज काय झालं?" असं आईने विचारलं तर उत्तर यायचं, "काही नाही. हातमोजे दिले." जेवायला बसले की ताटाकडे बघत जेवायचे. त्यांच्या खुर्चीतून खिडकीबाहेर लांबवर दोन क्रेन दिसायच्या. एक दिवस त्यांनी कोणालाही न सांगता खुर्ची फिरवून ठेवली आणि पाठ खिडकीकडे केली. आईने ते पाहिलं आणि तिनेही ती परत सरळ केली नाही.

मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. टिपणं लिहायला आणि प्रकल्प टाइप करायला लॅपटॉप हवा होता. दुकानात गेले. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून स्क्रू शोधणारा माणूस. त्याने सगळ्यात स्वस्त असलेला अकरा इंची लॅपटॉप पुढे सरकवला. राखाडी प्लास्टिकचा, वहीएवढा, आत पंखासुद्धा नाही.

"लिहायला, वाचायला, सिनेमा बघायला झकास आहे," तो म्हणाला. "पण ताई, गेमबिम खेळणार असाल तर आत्ताच सांगा. यात तेवढा जोर नाही. नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका."

"मी कसले गेम खेळतेय? मला झोपायला वेळ नाही," मी म्हणाले आणि लॅपटॉप घेऊन आले.

एका मैत्रिणीने मात्र पेन ड्राइव्हवर दोन-चार लहानसे खेळ दिले होते. त्यातला एक होता क्रेनने ठोकळ्यांवर ठोकळे रचण्याचा. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तो खेळत बसले होते. मागे बाबा पाणी प्यायला आले आणि भांडं हातात धरून तिथेच थांबले.

"दोर एवढा सरळ राहत नाही," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"अहो बाबा, खेळ आहे तो."

"खेळ असला म्हणून काय झालं? माल थांबवला की दोर झुलणार. हे म्हणजे काठीला बांधल्यासारखं झालं." मग पाणी पिऊन, भांडं विसळून पालथं घातल्यावर, मला पाठमोरेच त्यांनी विचारलं, "खऱ्यासारखी क्रेन असलेला असतो का एखादा?"

जवळजवळ दोन वर्षांत बाबांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. आईने कणिक मळता मळता माझ्याकडे बघितलं. मी तशीच उठून दुकान गाठलं.

चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. "मी सांगितलं होतं की नाही? यंत्रं चालवायचे गेम असतात, खूप छान असतात, पण त्यांना दणकट लॅपटॉप लागतो. तुमच्या या बाळाला तो डोंगर चढवणार नाही."

"जुना एखादा?"

"जुना..." त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. जुन्या यंत्रांसाठी बनवलेले, कोणी विचारत नाही असे खेळ त्याच्याकडे एका खोक्यात होते. त्यात आठ-नऊ वर्षांपूर्वीचा एक सापडला. त्यात ट्रक होते, खोदयंत्रं होती आणि एक टॉवर क्रेन होती. "चालेलच असं सांगत नाही," तो म्हणाला. "लॅपटॉप तापला तर बंद करा आणि मला शिव्या देऊ नका."

संध्याकाळी खेळ सुरू केला. पडद्यावर इमारत आली, झाडं आली, ढग आले, आणि सगळं गोठल्यासारखं झालं. बाबांनी बटण दाबलं की तीन सेकंदांनी क्रेन हलायची, आणि तीही चालत नव्हती, एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत होती.

"हा गेम आहे की फोटोंचा अल्बम?" बाबा म्हणाले.

मला ओशाळल्यासारखं झालं. दुकानदाराचं खरं होतं. पण खेळाच्या आत एक पान सापडलं. पाणी, झाडं, ढग, सावल्या, लांबचं शहर, प्रत्येक गोष्टीसमोर ती ठेवायची की काढायची ते ठरवता येत होतं. जे काढू तेवढं ओझं कमी. मी एकेक विचारत गेले.

"झाडं?"

"काढ. झाडं कशाला हवीत साइटवर?"

"नदीचं पाणी?"

"काढ."

"ढग?"

"काढ. ढग नसले तर काम बंद ठेवावं लागत नाही."

"लांबच्या इमारती, माणसं, धूळ?"

"सगळं काढ. दोर, हूक आणि जमीन तेवढी ठेव."

मी सावल्याही काढल्या. क्रेन आता भराभर फिरू लागली. बाबा खुर्ची ओढून बसले. डाव्या हाताच्या बोटांनी क्रेन फिरवायची, उजव्या हाताने माल वर-खाली. माझ्या बोटांना बरोबर बसणारी ती बटणं त्यांच्या बोटांखाली दोन-दोन दाबली जात होती. तरी त्यांनी सिमेंटचा एक ठोकळा उचलला, फिरवला, खाली आणला, आणि धाडकन आपटला. दुसरा आपटला. तिसराही. बाबांनी हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, संपलं. आता हे उठतील आणि परत कधी विचारणार नाहीत.

पण ते पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होते. "सावली कुठे गेली?"

"काढली. तुम्हीच म्हणालात सगळं काढ."

"अगं, सावलीवरच तर सगळं असतं!" त्यांनी टेबलावरचा मिठाचा डबा उचलला, दिव्याखाली धरला आणि हळूहळू खाली आणला. टेबलावर पडलेली डब्याची सावली डब्याकडे सरकत आली. "बघ. वरून माल किती उंचावर आहे ते कळत नाही. सगळं चपटं दिसतं. सावली मालाला येऊन भिडली की समजायचं, टेकला. अठ्ठावीस वर्षं मी मालाकडे कमी आणि सावलीकडे जास्त बघितलंय."

हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आई कणकेचे हात तसेच ठेवून डब्याकडे बघत उभी होती.

सावल्या परत आणल्या तर अल्बम परत सुरू झाला. मग आम्ही दुसरं काय काढता येईल ते शोधत बसलो. चित्राचा बारकावा कमी केला, तेव्हा इमारत खडबडीत, लाकडी खेळण्यासारखी झाली. रंग कमी केले. आवाज बंद केला. त्या बिचाऱ्या लॅपटॉपचा सगळा जोर एका सावलीसाठी वाचवला. शेवटी एका राखाडी, ओसाड जमिनीवर एक ओबडधोबड क्रेन उभी राहिली आणि हुकाखाली एक काळा चौकोन सरकू लागला. बाबांनी ठोकळा उचलला, फिरवला, खाली आणला. चौकोन येऊन मालाला भिडला. कुठेही आवाज नाही, धक्का नाही.

"हं," बाबा म्हणाले. आणि पुढचा उचलला.

त्यानंतरचं दीड वर्ष माझ्या आठवणीत फार सुखाचं आहे. बाबा कामावरून आले की हातपाय धुवायचे, चहा प्यायचे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी "ड्यूटीवर" जायचे. पाऊण तास ते, नंतर मी अभ्यासाला, असा आमचा करार होता. पंखा नसल्यामुळे लॅपटॉप तव्यासारखा तापायचा. बाबांनी भांडी निथळायची आईची तारेची जाळी त्याच्याखाली ठेवली. आईने दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी नवी जाळी आणली. चष्मेवाल्याने एक वापरलेला कंट्रोलर दिला, दोन्ही अंगठ्यांखाली दोन छोटे दांडे असलेला. बाबांनी तो हातात घेतला, दांडे हलवून पाहिले आणि म्हणाले, "हे आपलं आहे."

आणि घरातलं वर्तमानपत्र परत निघू लागलं. "आज चौथ्या मजल्यावर तुळई बसवली. वारा होता जरा." आईही विचारायची, "किती वाजेपर्यंत होतात वर?" ते 'वर' म्हणजे आमच्या टेबलावर, हे दोघांनाही माहीत होतं. दोघंही हसायची नाहीत.

मग शिट्टीकाका येऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी वाकून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, हे तर काडेपेटीत क्रेन घातल्यासारखं झालं. मला काहीच दिसत नाही."

"तुला कशाला दिसायला हवं? मला दिसलं की झालं."

"वीस वर्षं मला दिसत होतं म्हणून तुला दिसत होतं, विसरलास का?"

आणि ते खरंच बाजूला खुर्ची टाकून, नाक पडद्याला लावून हातवारे करू लागले. मूठ मिटली की थांब. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल. तळहात खाली करून हलवला की सावकाश उतर. एका हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला ते हाताने सांगत होते. काम करताना बोलायची दोघांनाही सवय नव्हती. माल टेकला की दोघं एकदमच श्वास सोडायचे.

अशाच एका संध्याकाळी बाबा भाजी आणायला गेले होते आणि शिट्टीकाका त्यांची वाट बघत बसले होते. मी सहज विचारलं, "काका, त्या दिवशी नक्की काय झालं होतं?"

त्यांनी दाराकडे बघितलं, मग सांगितलं. सळयांचा दोन टनांचा भारा हुकाला होता. खाली सोळा माणसं काम करत होती. वॉकीटॉकीवर बाबांचा आवाज आला, "शिट्टी, सगळं फिरतंय." क्रेन जागच्या जागी उभी होती. फिरत होतं ते बाबांच्या डोक्यात. "मी म्हणालो, डोळे मीट. तो म्हणाला, मीटले. मग मी सांगत गेलो. डावीकडे जरा. बस. आता खाली. खाली. अजून. तुझ्या बापाने एकदाही विचारलं नाही की नक्की का. डोळे मिटून दोन टन लोखंड त्याने माझ्या शब्दावर जमिनीवर ठेवलं. ठेवताना सळई वाजलीसुद्धा नाही." काकांनी पुन्हा दाराकडे बघितलं. "मग त्याला शिडीने खाली यायला दीड तास लागला. प्रत्येक पायरीला मी खालून आकडा म्हणत होतो. खाली आल्यावर मला काय म्हणाला माहितेय? म्हणाला, घरी सांगू नको, ती घाबरतील."

बाबा भाजी घेऊन आले तेव्हा मी पुस्तकात डोकं घातलं होतं. त्यांनी विचारलं, "डोळे का लाल?" मी म्हणाले, कांदा चिरला. पिशवीतून कांदे काढत ते म्हणाले, "घरात कांदे नव्हते म्हणून तर मी गेलो होतो."

मला नोकरी लागली. पहिले काही पगार साठवून मी बाबांसाठी लॅपटॉप आणला. सतरा इंची, दणकट, गेमसाठीच बनवलेला. चष्मेवाला इतका खूश की त्याने स्वतः घरी येऊन तो लावून दिला. नव्या खेळात झाडं होती, पानं हलत होती, नदीत आभाळ दिसत होतं. खाली हेल्मेट घातलेली माणसं फिरत होती. बाबा लहान मुलासारखे बघत राहिले. "अरे वा," म्हणाले. "हे तर अगदी तसंच आहे."

आठवडाभर ते रोज त्यावर बसले. पण पाऊण तासाचा अर्धा तास झाला, मग दहा मिनिटं. विचारलं की म्हणायचे, "आज दमलोय." एका रविवारी मी खोलीत गेले तर नवा लॅपटॉप उघडा होता आणि बाबा पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून बसले होते. कपाळावर घाम.

"बाबा! सांगायचं नाही का?"

"तू एवढ्या हौसेने आणलास," ते डोळे न उघडता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या रुग्णालयातल्या कानाच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी समजावून सांगितलं. मोठा पडदा सगळी नजर व्यापतो. नजर सांगते आपण फिरतोय, शरीर सांगतं आपण बसलोय, आणि ज्याचा कान आधीच कच्चा त्याचा गोंधळ उडतो. लहान पडद्याच्या चारी बाजूंना टेबल, भिंत, खिडकी असं न हलणारं घर दिसत राहतं. त्याचा आधार मिळतो. "त्यांना जुनाच देऊन टाका," डॉक्टर म्हणाल्या.

मी घरी येऊन अकरा इंची लॅपटॉप जाळीवर ठेवला. बाबांनी तो उघडला, त्या राखाडी ओसाड जमिनीकडे बघितलं आणि कंट्रोलर हातात घेतला. मोठा माझ्या मामेभावाकडे गेला.

आता ओळखीपाळखीचे लोक मला विचारतात, मुलाला स्वस्तातला लहान लॅपटॉप घेतला तर त्यावर गेम चालतील का? मी खरं तेच सांगते. नवे, भपकेबाज गेम चालणार नाहीत, पैसे वाया गेल्यासारखे वाटतील. जुने चालतील, साधे चालतील, आणि काय काढायचं नि काय ठेवायचं हे बसून शोधायची तयारी असेल तर बरंच काही चालेल. त्यांना एवढं लांब उत्तर नको असतं.

भांडारात शिट्टीकाकांनी बढाया मारायला सुरुवात केली होती, आमचा वरचा अजून चालवतो म्हणून. ते ऐकून साइटवरच्या प्रशिक्षण विभागाच्या मॅडम एक दिवस बाबांकडे आल्या. नव्या ऑपरेटरना क्रेनवर चढवण्याआधी दांड्यांची सवय व्हायला हवी आणि कंपनीचं शिकवायचं मोठं यंत्र दुसऱ्या शहरात. "तुमच्याकडे काहीतरी आहे म्हणे?"

बाबांनी लॅपटॉप माझ्या जुन्या दप्तरात घालून साइटवर नेला. पत्र्याच्या ऑफिसात टेबलावर जाळी, जाळीवर लॅपटॉप, आणि समोर तीन नवे ऑपरेटर. त्यांतले दोघं पडदा बघून हसले. तिसरी तिशीतली एक बाई होती, आधी ट्रक चालवणारी. शिडी इतकी सरसर चढायची की लोक तिला खार म्हणत. ती हसली नाही. तिने कंट्रोलर घेतला, माल उचलला, फिरवला आणि एकदम थांबवला. माल घड्याळाच्या लंबकासारखा झुलू लागला. ती ट्रॉली, म्हणजे क्रेनच्या आडव्या हातावरून हूक पुढे-मागे नेणारा गाडा, उलट दिशेला ओढू लागली, तसा तो आणखीच झुलला.

"ओढू नका," बाबा म्हणाले. "तो पळतोय तिकडे तुम्हीही जा. त्याच्या डोक्यावर पोचलात की तो आपोआप थांबतो."

तिने करून पाहिलं. माल शांत झाला. मग ते दोघं हसणारेही खुर्च्या जवळ घेऊन बसले.

पुढची पाच वर्षं, निवृत्त होईपर्यंत, बाबा आठवड्यातून दोन दिवस भांडाराऐवजी त्या पत्र्याच्या ऑफिसात बसले. किती जण शिकून गेले ते त्यांनी मोजलं नाही. शिट्टीकाका मोजायचे, पण त्यांचा आकडा दरवेळी वाढलेला असायचा. लॅपटॉपची बिजागरी तुटली, तिला पत्र्याची पट्टी लावली. 'स' हे बटण पडलं. शेवटी बॅटरी फुगली तेव्हा चष्मेवाल्याने तो हातात घेऊन मान हलवली. "याने माझी इज्जत घालवली," तो म्हणाला. "मी ठामपणे सांगितलं होतं की यावर गेम खेळता येत नाहीत." बाबांना तो ठेवून घ्यायचा नव्हता. म्हणाले, "फुगलेली बॅटरी घरात नको, मुलगी नर्स आहे, ओरडेल."

त्या पाच वर्षांतल्या पहिल्याच वर्षी खारीला स्वतंत्रपणे क्रेन मिळाली, त्या सकाळी मॅडमनी बाबांना बोलावलं होतं. मी रजा घेऊन बरोबर गेले. अठ्ठावीस वर्षं वर आणि पाच वर्षं भांडारात काढलेल्या बाबांची क्रेनच्या पायथ्याशी, शिट्टीकाकांच्या शेजारी उभं राहायची ती पहिलीच वेळ. खार वर पोचली. सळयांचा भारा उचलला गेला, गोल फिरून आमच्या डोक्यांपासून लांब सरकला, आणि फळ्यांवर अलगद बसला. शिट्टीकाकांनी मूठ मिटून हात खाली घेतला. बाबांनी मान चोळली.

"खालून बघून मान दुखते रे," ते म्हणाले. "तू वीस वर्षं कसं केलंस हे?"

"दुखतच होती," शिट्टीकाका म्हणाले. "तू कधी विचारलं नाहीस."

बाबा ओशाळून हसले. मग दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायले.